वडगाव, पण कुठलं?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमचा मिक्सर गेला, ऐन चटणीच्या वेळी, जार बसवला की नुसतं घूं घूं. मी राहतो वडगाव बुद्रुकला, सिंहगड रोडच्या बाजूला. फोनवर टाकलं ‘मिक्सर रिपेअर वडगाव’, पहिल्याच दुकानाला फोन लावला, तो म्हणाला या की, वडगावातच आहे, मेन रोडला. मिक्सर पिशवीत घातला, मॅप लावला नि निघालो, स्वारगेट आलं तरी मॅपवाली बाई सरळच जा म्हणतेय, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. दुकान वडगाव शेरीत, पार नगर रोडला! बरं तो खोटं बोलला नव्हता, दोघांचंही वडगावच. तिसरं मावळात आहे, ते वेगळंच.

आता बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं, फारसीतून आलेले शब्द. एका नावाची गावं ओळखायला जुन्या लोकांनी केलेली सोय, आणि सर्च करताना आपण नेमकी तीच शेपटी खातो.

फोनचं लोकेशन बंद असलं तर आणखी मजा. मग तो इंटरनेट कुठून येतंय त्यावरून अंदाज बांधतो, मोबाईल कंपनीचं कनेक्शन मुंबईतून फिरून आलेलं असलं की पुण्यात बसून दादरची दुकानं बघा. कधी दुकान हललेलं असतं पण पिन जुन्याच गाळ्यावर. आणि काही महाभाग मुद्दाम करतात, एरियागणिक एक लिस्टिंग, जागेवर दुकान नाहीच, नुसता नंबर, माणूस येणार लांबून आणि व्हिजिटिंग चार्ज तुमच्याकडून. बोर्डाचा फोटो नसेल तर मी तरी फोन करत नाही.

मी आता पिनकोड टाकतो. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून, सारख्या नावांच्या गावांचा घोळ टपालखात्याला तेव्हाही होताच की. फक्त आकडे नीट बघा हां, शेरीचा 411014 आणि आमचा 411041, म्हणजे इथेही एकेचाळीसचे चौदा झाले की मिक्सर निघाला नगर रोडला.

स्वारगेटवरून त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, अहो तुमच्या बुद्रुकवाल्यांचे फोन मला सारखे येतात, आता मी आधी विचारतो. मला मात्र विचारलं नव्हतंन!

तर फोनलाईन सुरू आहेत, तुमचेही किस्से सांगा. वडगावातून बोलत असाल तर आधी कुठलं ते सांगा.