पोच मागू नका

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘उपकरणांच्या जाळ्यातील विश्वासार्ह व अल्पऊर्जा संदेशवहन’. हे मी सुचवलेलं नाही. मी फोनवर ‘पोच’ एवढंच म्हणालो होतो. संयोजकांना वाटलं, मी ‘पोचतो’ म्हणतोय.

तर आधी मिस्ड कॉल. एसटीतून उतरलं की घरी दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे सुखरूप पोचलो. आमच्या आई मात्र हमखास उचलायच्या. ‘काय रे, काय झालं?’ गेला रुपया! निरोप रिंगेतच पोचला होता, पैसे पडले ते पोच देण्याघेण्याचे. (हसताय, म्हणजे तुमच्याकडेही उचलायचे.)

आता माझी फजिती. मेहुण्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर मी तिथे मोठ्या हौसेनं बारा डबे लावले. डब्यात माती आणि पानांवरचा ओलावा मोजणारे सेन्सर, लोरा रेडिओ (थोड्या विजेवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवणारा), दोन पेन्सिल सेल. सगळ्यांचं ऐकणारा गेटवे घरावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. दर पाच मिनिटांनी आकडा, आणि प्रत्येक आकड्याला गेटवेकडून ‘मिळालं’ अशी पोच. ती पोच मीच हौसेनं चालू केलेली. सेल दोन वर्षं बघायला नको, असं सासऱ्यांदेखत सांगून बसलो.

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला आणि फोन आला. ‘दाजी, डावनी रोगाची भीती आहे आणि तुमचे डबे झोपलेत.’ मागून सासऱ्यांचा आवाज: ‘दोन वर्षं झाली का रे?’

झालं असं की छाटणीनंतर मांडव उघडा होता. नंतर काडी फुटली, पानं भरली. पान म्हणजे पाणीच, आणि पाणी रेडिओलहरी खातं. पोच येईना. मग यंत्र काय करतं? तेच पुन्हा सांगतं, आणि अधिकाधिक रेंगाळत सांगतं. लोरामध्ये हा रेंगाळण्याचा आकडा 7 पासून 12 पर्यंत असतो. 10 बाइटांचा निरोप 7 वर साधारण 60 मिलिसेकंदांत जातो, 12 वर जवळपास दीड सेकंद घेतो. चोवीस पट! त्यात माझ्या मांडणीत आठ-आठ वेळा प्रयत्न. बारा डबे एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागले आणि सेल आटले. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा पाहिली असेल तर चित्र सांगायला नको.

हे दुखणं जुनं आहे. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी बेटांना रेडिओनं जोडणारं अलोहानेट सुरू केलं. वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. गणित सांगतं, अशा पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त 18 टक्के वेळ कामी येतो. त्यापुढे जितकं बोलाल तितकं कमी पोचतं. लोराचे डबे आजही बहुतांशी असेच बोलतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

मग मुख्य विषय पळवतो. पोच सगळ्यात महाग, कारण साधारण गेटवे पोच देत असताना ऐकू शकत नाही. एकाला ‘मिळालं’ म्हणताना बाकीच्यांचं हुकतं. त्याऐवजी प्रत्येक निरोपात मागचे तीन आकडे जोडून पाठवा. एक निरोप हरवला तरी पुढचा भरपाई करतो, आणि चार-सहा बाइट वाढले तर सेलला फार फरक पडत नाही. निरोपाची वेळ थोडी मागेपुढे करा, नाहीतर वेळा जुळल्या की सगळे एकदम ओरडतात. मातीचा ओलावा पाच मिनिटांत बदलत नाही. बदलला तरच बोला, आणि एरवी दिवसातून दोनदा ‘जिवंत आहे’ एवढं पुरे. पोच मागायची ती फक्त मोटर बंद करण्याच्या हुकमाला.

अँटेनाचं राहिलंच. मी हे सगळं प्रोग्रॅममध्ये दुरुस्त करत बसलो होतो, तोवर मेहुण्यानं बांबू रोवून डबेच मांडवाच्या वर चढवले. पानांचा सेन्सर तेवढा वायर लांबवून खाली ठेवला.

हो, हो, थांबतो. सेल? गेल्या छाटणीला घातलेले अजून चालू आहेत. सासऱ्यांनी तारीख डब्यावर खडूनं लिहून ठेवली आहे.