कोटेशन स्पॅममध्ये का जातं?

मंडळी, शिरोलीच्या फौंड्रीतून कोटेशन जातं, गिऱ्हाईक म्हणतं मेल आलाच नाही, आणि दोन दिवसांनी तो स्पॅममध्ये सापडतो. मग मजकुरातला ‘ऑफर’ शब्द काढा, लाल अक्षरं काढा असले उपाय सुरू होतात. मजकुराचाही थोडा वाटा असतो. पण स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या कंपनीत घोळ बहुधा ओळखीचा असतो: हे मशीन कुणाचं, आणि या डोमेनच्या नावानं मेल पाठवायला त्याला परवानगी कुणी दिली?

आधी मशीन. ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडवरून थेट मेल सोडायच्या फंदात पडू नका. असे बदलते आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या यादीत बहुधा आधीच असतात. आयपी कायमचा हवा, आणि त्याची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) सर्व्हरच्या पूर्ण नावाकडे दाखवणारी हवी. त्या नावावरून उलट शोधलं तर तोच आयपी मिळाला पाहिजे. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधलं ‘मायहोस्टनेम’ हे सेटिंगही तेच ठेवा. पीटीआर तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधून सापडणार नाही. ती आयपी देणाऱ्याकडून करून घ्यावी लागते. आणखी एक छुपी अडचण म्हणजे आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी. सर्व्हरला तो पत्ता असतो, मेल त्यावरून बाहेर पडतो, पण पीटीआर फक्त जुन्या पद्धतीच्या व्ही४ ला केलेली असते. जीमेल असा मेल परत पाठवतं. व्ही६ ची पीटीआर होईपर्यंत पोस्टफिक्स फक्त व्ही४ वर चालवा.

आता एसपीएफ, म्हणजे आपल्या डोमेनचा मेल कोणकोणते सर्व्हर पाठवू शकतात हे सांगणारी नोंद. डोमेनला ती एकच. होस्टिंगवाल्याची एक आणि बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याची दुसरी अशा दोन झाल्या की दोन्ही बाद. ‘इन्क्लूड’ (दुसऱ्याची एसपीएफ यादी जोडणं) किती लावायचे यालाही मर्यादा आहे: डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी जिथे असतात तिथे) शोधावं लागणाऱ्या गोष्टी 10 च्या पुढे गेल्या की तपासणी फसते, आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही त्यात मोजतात. आयपी थेट लिहिला तर तो मोजत नाहीत.

माझ्या मते खरा भरवसा डीकिमचा, म्हणजे मेलवर डोमेनच्या नावानं केलेल्या डिजिटल सहीचा. मालक कंपनीचा मेल स्वतःच्या जीमेलकडे फॉरवर्ड करतात. तिथे पाठवणारा आयपी बदलतो आणि एसपीएफ नापास होतो. डीकिमची सही मात्र मजकूर न बदलल्यास टिकते. सहीची किल्ली (की) 2048 बिटची घ्या. ती डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीच्या 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून अवतरणचिन्हांत दोन तुकडे करावे लागतात. काही पॅनेल पुढची अक्षरं गुपचूप कापतात, म्हणून नोंद केल्यावर ती बाहेरून वाचून पाहा. सही झाल्यानंतर वाटेतला एखादा गेटवे सर्व्हर मेलखाली ‘गोपनीय’ वगैरे तळटीप चिकटवत असेल तर सही मोडलीच म्हणून समजा. तळटीप आधी, सही शेवटी.

डीमार्क म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे सांगणारं डोमेनचं धोरण. त्यात बहुतेक जण अडकतात. एसपीएफ पास, डीकिम पास, तरी डीमार्क नापास कसा? कारण पास झालेलं डोमेन आणि ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन जुळायला हवं. दोन्हींपैकी एकाचं जुळलं तरी चालतं. याचा सगळ्यात जास्त फटका वेबसाइटच्या चौकशी फॉर्मला बसतो. फॉर्म ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचाच याहूचा पत्ता भरतो, आणि याहूनं 2014 पासूनच असे मेल नाकारा असं सांगून ठेवलंय. ‘फ्रॉम’मध्ये आपलं डोमेन घाला, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. डीमार्कचं धोरण सुरुवातीला ‘नन’ (none, काही करू नका) ठेवा, अहवाल मागवा, काही आठवडे वाचा. विसरलेलं एखादं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर त्यात हमखास दिसतं. ते सगळं मार्गी लागलं की मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), आणि त्यानंतर ‘रिजेक्ट’ (नाकारा).

जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. रोज 5,000 च्या वर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी हव्यात, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत, शक्यतो 0.1 च्या खाली हव्यात. नव्या आयपीवरून दिवाळीच्या शुभेच्छा एकदम हजारोंना सोडू नका. नेहमी उत्तर देणाऱ्या गिऱ्हाइकांपासून थोडे थोडे वाढवा. विकत घेतलेली यादी तर नकोच.

तपासायला जीमेलमध्ये मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. दिसूनही मेल स्पॅममध्ये जात असेल तर बहुधा आयपीची किंवा डोमेनची पत गेलेली असते. स्पॅमहाउसवर शोधा, गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन जोडा. आणि रोज पाच-पन्नास बिलं जात असतील, सर्व्हरकडे बघायला माणूस नसेल, तर पोर्ट 587 वरून आपल्या वतीनं मेल पोचवणाऱ्या एखाद्या रिले सेवेकडे मेल द्या. तिथेही सही मात्र आपल्याच डोमेनची लावून घ्या.