गुच्छातील देठापासून रोप

मित्रहो, तुळशीचे लग्न लागले की आपल्या बडोद्यात लग्नसराई सुरू होते आणि खंडेराव मार्केटातून आलेले गुलाबांचे गुच्छ घरोघरी फुलदाण्यांत चार-पाच दिवस मिरवतात. पाकळ्या गळाल्या तरी ते टाकवत नाहीत, म्हणून देठ कुंडीत खोचले जातात आणि थोड्याच दिवसांत काळे पडतात. त्याचे खापर माती-पाण्यावर फोडले जाते; माझ्या मते मुख्य कारण उशीर हे असते. गुच्छातून रोप हवे असेल, तर फूल ताजे असतानाच त्याच्यावर पाणी सोडावे लागते.

झाडापासून तोडलेला देठ साठवलेल्या अन्नावर जगतो आणि कळी उमलताना त्यातले बरेचसे संपते. शिवाय फुलदाणीच्या पाण्यात जीवाणू वाढून देठातील जलवाहिन्या तुंबतात. देठ तगला, तर त्याच्या डोळ्यांत (जेथून नवी पालवी फुटते ते उंचवटे) आणि पानांत तयार होणारे ऑक्सिन हे संजीवक, म्हणजे वाढीचे संप्रेरक, खाली उतरून कापलेल्या टोकाशी साचते; तेथील पेशी विभागू लागतात, फिकट गाठीसारखी ऊती धरते आणि मग मुळे निघतात. शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात हे संजीवक ओळखले, आणि आज कृषी सेवा केंद्रांत मिळणाऱ्या मुळे फुटण्याच्या पावडरीत त्याच गटातील इंडोल ब्युटिरिक ॲसिड असते.

म्हणून गुच्छ घरी आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एक-दोन निरोगी देठ बाजूला काढावेत. रंग पाजलेले किंवा चमकी फवारलेले नकोत. फुलाखालचा कोवळा भाग टाकून पेन्सिलीएवढ्या जाडीचा, तीन-चार डोळ्यांचा, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. खालचा काप धारदार पात्याने डोळ्याच्या लगेच खाली द्यावा, वरचे एक पान अर्धे कापून ठेवावे आणि बाकीची काढावीत. टोकाला पावडर लावून, धुतलेली वाळू व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या समभाग मिश्रणात आधी काडीने भोक पाडावे आणि दोन डोळे आत जातील इतका देठ रोवावा. सरळ खुपसल्यास पावडर वरच पुसली जाते. वरून बूड कापलेली प्लास्टिकची बाटली झाकून कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवावी. देठ बटाट्यात खोचण्याची युक्ती हल्ली फार फिरते, पण बटाटा सडून बुरशीला आमंत्रण मिळण्यापलीकडे तिचा उपयोग मला दिसत नाही.

ऋतूचा हिशेब बडोद्यात महत्त्वाचा आहे. मुळे धरायला महिना-सव्वा महिना लागू शकतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या देठाला सौम्य हवा मिळते, तर १४ फेब्रुवारीच्या गुलाबाचे कोवळे रोप नेमके चैत्राच्या उन्हात सापडते. दहा-बारा दिवसांत पालवी दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. साठलेल्या अन्नावर ती मुळांविनाही फुटते. देठ अलगद ओढल्यावर त्याने माती धरून ठेवली, तरच मुळे आली असे समजावे.

गुच्छातले प्रत्येक फूल मात्र या कामाचे नाही. जर्बेराच्या दांड्याला डोळेच नसतात, आणि निशिगंध व ग्लॅडिओलस कंदांपासून वाढवतात. शेवंती गुलाबाहून सोपी. तिच्या देठावरची फूल न आलेली बगलफूट घ्यावी, कार्नेशनचीही तशीच. गंमत अशी की गुच्छात हिरवाईसाठी घातलेली ड्रॅसिनाची काडी नुसत्या पाण्यातही मुळे धरते, आणि आपण नेमकी तीच आधी फेकतो.

गुच्छासाठी पॉलिहाउसमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाखाली, वाढवलेल्या गुलाबांचे डोळे बहुधा दणकट जंगली जातीच्या खुंटावर (मुळे असलेल्या दुसऱ्या रोपाच्या खोडावर) भरलेले असतात आणि त्यांना रोज मोजून खत-पाणी मिळते. आपले रोप स्वतःच्याच मुळांवर उभे राहते, म्हणून पहिल्या वर्षी फुले लहान आणि दांडे आखूड आले तरी जात तीच असते. पहिल्या कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे जोर मुळांकडे वळतो. अशी रोपे घरी हौसेने लावण्यास हरकत नाही. विकायची असल्यास मात्र ते वाण २००१च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे आधी पाहावे.