ढिगातली साखर: रेड रिव्हरच्या खोऱ्यातलं बीट

(ऊस उत्पादक आणि कृषी विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. ट्रॉली कारखान्याच्या आवारात दोन दिवस उभी राहिली तर वजन घटतं, उतारा, म्हणजे शंभर किलोमागे हाती येणारी साखर, घटतो आणि रसातली साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. म्हणून आपली सगळी धडपड तोडणी ते गव्हाण हे अंतर कमी करण्याची. आज मी ज्या पिकाबद्दल बोलणार आहे, ते शुगर बीट, म्हणजे साखरेसाठी लावलेलं बीट, ऑक्टोबरमध्ये उपटतात आणि त्यातलं काही थेट एप्रिल-मेमध्ये कारखान्यात जातं. मधले सहा-सात महिने ते उघड्यावर, ढिगात. हे कसं जमतं आणि त्याची किंमत काय, एवढाच माझा विषय आहे.

ठिकाण अमेरिकेत, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या सीमेवर. मधून रेड रिव्हर नावाची नदी उत्तरेकडे, कॅनडात वाहत जाते. हिमयुगाच्या शेवटी इथं अगासीझ नावाचं प्रचंड सरोवर होतं, त्याचा हा तळ. जमीन काळी, चिकण आणि इतकी सपाट की पाणी कुठल्या बाजूला काढावं हाच प्रश्न. शुगर बीटचा हा अमेरिकेतला सर्वांत मोठा पट्टा. इथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी 1973 मध्ये शेतकऱ्यांनीच विकत घेतली आणि सहकारी केली, तेव्हा सहकारी साखर कारखाना ही फक्त प्रवरानगरची गोष्ट नाही.

पेरणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला. मुख्य काढणी साधारण 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावी लागते, कारण पुढे जमीन गोठते. आता गणित बघा. सगळं पीक दोन-तीन आठवड्यांत बाहेर, आणि कारखान्यांची रोजची क्षमता अशी की ते संपवायला आठ महिने लागावेत. एवढे मोठे कारखाने बांधायचे की तीन आठवड्यांत सगळं उरकेल? मग उरलेलं वर्ष ते बंद. त्यामुळे ढीग लावण्यावाचून गत्यंतर नाही. उंची दोन-तीन मजली घराएवढी, रुंदी साठ-सत्तर मीटर, लांबी नजर पोचेल तिथवर.

आणि हे बीट मेलेलं नसतं. ते दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी मूळ फुगवायचं, त्यात साखर साठवायची, हिवाळा सोसायचा आणि दुसऱ्या वर्षी त्याच साखरेवर फुलोरा आणायचा, बी धरायचं. साखर त्यानं आपल्यासाठी केलेलीच नाही. उपटून ढिगात टाकलं तरी त्याच्या लेखी हिवाळाच चालू असतो आणि ते श्वास घेत राहतं. श्वासाला इंधन लागतं, आणि इंधन म्हणजे ती साखर.

किती जळते? चांगल्या स्थितीत, थंडीत, टनामागे रोज शंभर ते दीडशे ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. टनात साडेसतरा टक्के साखर धरली तर 175 किलो. दीडशे ग्रॅमनं शंभर दिवसांत पंधरा किलो गेली, म्हणजे शेतात कमावलेल्या साखरेचा जवळजवळ बारावा हिस्सा. ढीग निरोगी असेल तर साठवणीतल्या एकूण नुकसानीपैकी निम्म्याहून जास्त या श्वासापायी होतं. बाकीचं बुरशी, कुज आणि साखर फुटणं यात जातं.

शिवाय श्वासातून उष्णता निघते. उष्णतेनं श्वास वाढतो, त्यातून आणखी उष्णता. ढिगाच्या पोटात ती अडकली की तो भाग आतून तापत जातो आणि सडतो. म्हणून काढणीच्या वेळी मुळाचं तापमान साधारण 13 अंशांच्या वर गेलं तर कारखाना काढणी थांबवतो. ऊन छान पडलंय, जमीन कोरडी आहे, यंत्रं उभी आहेत, आणि तरी थांबायचं! आपल्याकडे कोणी असा आदेश काढला तर काय होईल याची कल्पना करा. कडाक्याची थंडी पडली तरी थांबवतात, कारण गोठलेलं मूळ ढिगात जाऊन वितळलं की पेशी फुटतात. त्यावर ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू तुटून पडतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. तो रसात आला की गाळण्या तुंबतात. ऊसवाल्यांना हे जिवाणू नवे नाहीत, शिळ्या उसात तेच असतात.

गंमत अशी की पूर्ण गोठलेलं बीट मात्र उत्तम टिकतं. धोका असतो तो वितळण्याचा. म्हणून काही ढिगांखालून आडवे मोठे पाइप टाकतात आणि डिसेंबर-जानेवारीत पंख्यांनी बाहेरची हवा आत ढकलतात. तिथं जानेवारीचं सरासरी तापमान उणे बारा-तेरा अंश असतं, त्यामुळे शीतगृहाचं बिल निसर्गच भरतो. ढीग आरपार गोठवला की श्वास बंद. मग वसंतात वितळायच्या आत गाळप उरकायचं. वर थर्मल कॅमेरे फिरवून तापलेले भाग शोधतात आणि ते आधी उचलतात.

संशोधनाचा खरा पेच यापुढे आहे. एकाच तापमानाला ठेवलेली दोन बीटं सारखा श्वास का घेत नाहीत? पहिलं कारण सोपं: मार. काढणी यंत्र, ट्रक, ढीग रचणारं यंत्र, प्रत्येक ठिकाणी मूळ आपटतं, शेपटीकडचं टोक मोडतं. जखम भरायला ऊर्जा लागते, जखमेतून बुरशी शिरते. बटाट्याला काढणीनंतर काही दिवस मुद्दाम ऊबदार ठेवतात, म्हणजे जखमा भरतात. बीटच्या जखमाही उबेत लवकर भरतात, पण तोवर साखर जळते. त्यामुळे दोन्हीकडून कात्री.

दुसरं कारण वाणात आहे. जर्मनीत गॉटिंगेनच्या शुगर बीट संशोधन संस्थेनं गेल्या दहाएक वर्षांत मुळांची ताकद मोजायला घेतली: सुई खुपसायला किती जोर लागतो, दाबल्यावर मूळ कधी चिरतं. पेशीभित्ती जास्त असलेली, टणक वाणं कमी फुटतात आणि बरी टिकतात. पण पेशीभित्ती म्हणजे साखर नव्हे. झाडानं तिथं घातलेलं कर्ब साखरेच्या खात्यातून वजा होतं. वाण निवडताना शेतातला उतारा बघायचा की जानेवारीतला, असा हा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत असं की कित्येक दशकं वाणांच्या चाचण्या काढणीच्या दिवशी संपत आल्या, आणि ही मोठी उणीव होती. काढणीच्या दिवशीचं बीट कारखाना घेतो, पण शिजवतो तीन महिन्यांनंतरचं.

आता थोडं शेताकडे वळू, कारण साठवणीची गुणवत्ता तिथंच घडते. बीट आडवं कापलं की एकात एक वलयं दिसतात. ही वलयं झाड लहान असतानाच आखली जातात आणि पुढे फक्त फुगतात. इंग्लंडमधल्या ब्रूम्स बार्न केंद्रात 1970 च्या दशकात दिसून आलं की वलयांलगतच्या लहान पेशींत साखरेचं प्रमाण जास्त असतं आणि मधल्या मोठ्या पेशींत पाणी जास्त. म्हणजे नुसतं फुगलेलं मूळ साखरेनं गरीब. भरपूर नत्र दिलं की नेमकं हेच होतं: पाला माजतो, मूळ पाण्यानं मोठं होतं, आणि वर अमिनो नत्र मुळात साचतं. हे अमिनो नत्र, पोटॅशियम आणि सोडियम मिळून साखरेला स्फटिक होऊ देत नाहीत, ती मळीत जाते. किती जाईल याचा अंदाज बांधणारं सूत्र जर्मनीत राइनेफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये दिलं. त्याचे वारस आजही वापरात आहेत.

रेड रिव्हरच्या शेतकऱ्याला हे सूत्र कोणी पाठ करायला लावलं नाही. 1980 च्या दशकात तिथं दर नुसत्या वजनावर न देता हाती येणाऱ्या साखरेवर द्यायला लागले. ट्रकमधून नमुना घ्यायचा, माती धुऊन वजावट काढायची, मुळाचा लगदा करून पोलॅरिमीटरनं साखर मोजायची, सोबत सोडियम, पोटॅशियम, अमिनो नत्र. ज्याची साखर जास्त आणि अशुद्धी कमी त्याला दर जास्त. युरिया आपोआप आटोक्यात आला! आपल्याकडे एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. चांगला ऊस आणणारा आणि कच्चा आणणारा एका दरात. यावर चर्चा सुरू केली तर आजचा कार्यक्रम इथंच संपेल, म्हणून पुढे जातो.

एकरी उत्पादनाचं विचाराल तर 23 ते 27 टन. उसाच्या मानानं कमी वाटेल, पण हे पाच महिन्यांचं पीक आणि साखर सतरा-अठरा टक्के. आणखी का नाही? कारण ऊन वाया जातं. सर्वांत मोठा दिवस 21 जूनचा, आणि बीटची पानं सरी झाकतात तोवर जून संपत आलेला असतो. ऐन उन्हाचा मोठा भाग मातीवर पडतो. मग शरदात का पेरत नाहीत? रेड रिव्हरला तर कोवळं रोप गोठूनच मरेल. पण सौम्य हिवाळ्याच्या इंग्लंडमध्येही ते जमत नाही, कारण थंडी खाल्लेलं रोप उन्हाळ्यात सरळ फुलोऱ्यावर येतं आणि साखर संपवतं. ते थोपवणारं वाण हे या संशोधनाचं जुनं स्वप्न आहे.

इतिहास धावता सांगतो. 1747 मध्ये बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की बीटमधली साखर आणि उसातली साखर एकच. त्याचा शिष्य आखार्ड यानं सायलेशियात पहिला कारखाना काढला, 1801 च्या सुमारास. नेपोलियनला सगळे मान देतात कारण 1811 मध्ये त्यानं फ्रान्समध्ये बीट लावायचा हुकूम काढला. माझ्या मते खरा मान विल्मोरँ या फ्रेंच बियाणेतज्ज्ञांचा, ज्यांनी एकेका मुळाची संतती तपासून साखर वाढवली. पुढचा टप्पा बियाण्याचा. बीटच्या एका बीत अनेक रोपं असायची, ती वाकून विरळावी लागत. रेड रिव्हरला त्यासाठी दर उन्हाळी टेक्ससहून मेक्सिकन वंशाची मजूर कुटुंबं यायची. बीडहून निघणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते चित्र वेगळं सांगायला नको. 1948 मध्ये साविट्स्की या शास्त्रज्ञाला ओरेगॉनमधल्या शेतात एका बीत एकच रोप देणारी मोजकी झाडं सापडली, आणि काही वर्षांत ते काम संपत गेलं. मजुरांचं काय झालं, हे शेतीच्या पुस्तकांत सहसा नसतं.

हे सगळं ढिगाच्या थंडीवर उभं आहे, ती थंडी एखाद्या वर्षी वेळेआधीही येते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये तिथं पाऊस आणि बर्फ एकामागून एक पडले, रानात यंत्रं रुतली आणि हजारो एकर बीट जमिनीतच गेलं.

शेवटी तुमचा ठरलेला प्रश्न: आपल्याकडे बीट का नाही? प्रयत्न झालेत. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेनं अनेक वर्षं काम केलं. बी धरायला थंडी लागते म्हणून त्यांचं पैदास केंद्र कुमाऊँत मुक्तेश्वरला आहे. राजस्थानात श्रीगंगानगरच्या कारखान्यात बीटचं गाळपही झालं. पुढे उष्ण हवामानाची वाणं आली, त्यांच्या चाचण्या महाराष्ट्रातही झाल्या आणि शेतात पीक चांगलं आलं. पण हिशेब शेतापाशी थांबत नाही. इथं हे बीट मार्च ते मेमध्ये तयार होतं. चाळीस अंशांत रेड रिव्हरचा ढीग लावला तर आठवड्याभरात खत होईल. दुसरं म्हणजे बीट चरकात पिळत नाहीत. काप करून सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात साखर उतरवतात, म्हणजे यंत्रसामग्री वेगळी. आणि बगॅस नाही. ऊस कारखाना स्वतःच्या चोथ्यावर बॉयलर पेटवतो, बीटचा चोथा जनावरांना जातो आणि बॉयलरला इंधन विकत आणावं लागतं.

म्हणून कोणी तुम्हाला उद्या बीटचं बियाणं घेऊन भेटला आणि एकरी टन सांगायला लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचारा. काढणीनंतर किती तासांत कारखाना ते घेणार, आणि काप करायचं यंत्र कुठल्या गावात आहे.