माहेर आणि सातबारा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या पुढेमागे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये विरळणीची लगबग सुरू होते. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेल्या घडांतले जादा मणी कात्रीने काढून टाकायचे आणि उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची, हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते. दिवसभर मान वर आणि हात खांद्याच्या वर धरून ते करणाऱ्या बहुतेक बायका असतात. पेठ-सुरगाण्याहून टोळीने आलेल्या मजूर बायका तिथे असतात, तशा बागायतदाराच्या घरच्या लेकी-सुनाही असतात. याच बागेचा सातबारा काढला, तर त्यावर बाईचे नाव क्वचितच सापडते. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिवाटदार खातेदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या.

हे असे का, याचे उत्तर केवळ कायद्यात शोधून मिळत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात 1994 सालीच केली होती. मात्र त्या दुरुस्तीतून 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. लेक दिली की ती परक्या घरची झाली, ही घराघरातली समजूत विधिमंडळाने तारखेसह कायद्यात उतरवली होती, असेच मला ते वाचताना वाटते. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 2005 साली वडील हयात होते की नव्हते, यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. कागदावरची वाट आता मोकळी आहे. अडते ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर.

त्या बाकावर मी माझ्या दोन आत्यांना बसलेले पाहिले आहे. आजोबा गेल्यानंतरची गोष्ट. हक्कसोड पत्राचा मसुदा तयार होता. राजीखुशीने सही करता ना, असे वकिलांनी रीतीप्रमाणे विचारले, तेव्हा थोरल्या आत्याने पदर सावरला आणि म्हणाली, “भावाकडून काय घ्यायचं? माझं माहेर तेवढं राहू द्या.” तिच्यावर कोणी दडपण आणले नव्हते. माझे वडील आणि काका बहिणींवर माया करणारे होते. त्याच संध्याकाळी दोघींना साडीचोळी झाली, पुरणपोळीचे जेवण झाले. तरीही हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, हे भय आत्याच्या मनात कायद्यापेक्षा कितीतरी आधी येऊन बसले होते. जिला नवऱ्याच्या घरी कधी काही बिनसले तर जायला दुसरे दार नाही, तिने ते एकुलते दार जपावे म्हणून जमीन सोडावी, हा व्यवहार मला तेव्हा मायेचा वाटला होता. आज मला तो फार महागाचा वाटतो.

महाग अशासाठी की, सातबाऱ्यावरचे नाव हे मालकीपुरते राहत नाही. त्या नावावर गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सभासदत्व मिळते आणि सभासदत्वावर पीककर्ज. सोसायटीचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांच्या मतांवर बाजार समितीचे संचालक ठरतात. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या लिलावाची व्यवस्था कशी असावी, हे ठरवणाऱ्या मंडळींत कांदा लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या बाया का दिसत नाहीत, याचा धागा असा मागे नेत गेले की तो त्या बाकापाशीच येतो. एका घरातली रीत संस्थेच्या नियमात शिरते आणि संस्थेचा नियम त्या रीतीला पुन्हा बळ देतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, 2009 पासून देशोदेशीच्या वारसा, विवाह आणि मालमत्तेच्या कायद्यांबरोबर चालीरीतीही पाहून निर्देशांक काढते, त्यामागे हेच कारण आहे.

घरकामाचेही असेच आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला 299 मिनिटे आणि पुरुष 97 मिनिटे देत होते. 2024 च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88 असे आले. दोघांचाही वेळ थोडा घटला. दोघांमधले तीन तासांहून मोठे अंतर मात्र जिथल्या तिथे राहिले. गॅस आला, मिक्सर आला, तरी भाकरी कोणी थापायची हे बदलले नाही.

असे असले तरी रीत बदलत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याच नाशिक जिल्ह्यातले उदाहरण माझ्यासमोर आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेने चांदवडला महिला अधिवेशन भरवले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा आणि ज्या गावात शंभर जण असे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्ती गाव. एकट्याने बायकोच्या नावे जमीन केली असती, तर पारावर त्याची टिंगल झाली असती. शंभर जणांनी मिळून केली, तेव्हा तो गावाचा मान झाला. 1992 साली शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी परिपत्रक काढले. चळवळीने लाज काढून टाकली आणि शासनाने नोंदीची सोय केली, या दोन्हींची गाठ पडली म्हणून ते घडले. पंचायतीतल्या निम्म्या राखीव जागांबद्दलही, सरपंचपतींचा अनुभव जमेस धरून, माझे मत असेच आहे. खुर्ची आधी मिळाली, बसण्याची सवय मागाहून होते आहे.

गेल्या वर्षी माझे काका गेले. तेराव्यानंतर वारसनोंदीचा विषय निघाला आणि हक्कसोडीचे कागद सोबतच करून घ्यावेत, असे कोणीतरी सुचवले. माझी चुलत बहीण शांतपणे म्हणाली, “नावं सगळ्यांची लागू द्या. वाटणीचं पुढं बघू.” बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आतून काकूंनी विचारले, “सगळ्यांची म्हणजे माझंही ना?” फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हाती आला, तेव्हा भावाने त्यांना तो आणून दाखवला. काकूंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवले आणि आपले नाव दोनदा वाचून घेतले. यंदाच्या भाऊबीजेला बहीण नेहमीसारखीच आली होती.