तेर : पांढरीखालचं तगर

उन्हाळा सरताना तेरच्या शिवारात उभं राहिलं की मातीचे दोन रंग दिसतात. तेरणा नदीच्या काठानं पसरलेली काळी, आणि गावाखालची, भोवतालच्या टेकाडांची पांढरी. काळीत पीक, पांढरीवर घर, ही मराठवाड्याची जुनी वाटणी. काळी भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर भिंत धड राहत नाही. पांढरी माणसांनी वस्ती करून घडवलेली. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, खापरं, हाडं. थरावर थर.

धाराशिवच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवरची ही पांढर दोन हजार वर्षांची. सातवाहनांच्या काळातलं तगर ते हेच. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं नगर आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं. ग्रंथात दिशा पूर्व दिली आहे, तेर मात्र पैठणच्या आग्नेयेला. त्यामुळे तगर कुठलं, हा वाद बराच चालला. १९०१ मध्ये पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते तेरच, असं मांडलं.

या टेकाडांचं नुकसान झालं ते मातीच्या गुणामुळेच. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरायला पांढरीच लागते. काळी भेगाळते, मग घर गळतं. शेताला खत म्हणूनही ती गाड्या भरभरून गेली. खणताना मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या निघत. वस्तू हाती येते, पण थर मोडला की ती कोणत्या काळातली हे सांगणारा शेजार कायमचा जातो. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जिवापाड जपल्या. त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय गावातच आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती नीट बघावी. तिच्या जवळची म्हणावी अशी मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली.

गावातल्या त्रिविक्रम मंदिराचा गाभारा विटांचा, मागून गोलाकार, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, असावं, असं अभ्यासकांचं मत. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, ती भाताच्या तुसामुळे. चिखलात तूस मळलेलं असतं. भाजताना ते जळून जातं आणि विटेत बारीक पोकळ्या उरतात. वजन घटतं, छताचा भार भिंतींना पेलतो. मात्र अशी वीट पाणी पटकन पिते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत कोंडते आणि वीट आतून भुगा होते. तिथं चुनाच हवा.

नदीकाठी गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, समाधी आहे. कुंभाराच्या कामात चिखल तुडवणं सगळ्यात कष्टाचं. त्यात खडा राहिला किंवा हवा कोंडली, तर मडकं आव्यात, म्हणजे भट्टीत, तडकतं. भाजलेलं मडकं बोटानं वाजवलं की खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटणं, म्हणजे मडकी थोपटायचं लाकडी फळकूट, घेऊन एकेकाचं डोकं असंच पारखलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा याच गावची.