दोरा, वारा आणि दोन सूर्योदय

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय दोन लांबच्या शहरांमधल्या हवाई अंतराबद्दल. सिंगापूर ते न्यूयॉर्क घ्या, साधारण १५,३०० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता अठरा तासांच्या आसपास. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे मोजायला जाल तर फसाल, त्यापेक्षा पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा धरा आणि ताणा, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. परत सांगतो, नकाशा नाही, गोल. आणि शाळेतला पृथ्वीगोल कपाटात कुलूपबंद नको हो, मुलांच्या हाताला लागेल असा हवा, हे माझं अगदी ठाम मत आहे.

आता विमान नेमकं त्या दोऱ्यावरूनच जातं असं नाही. वरचा वारा बघतात, कुठलं आकाश बंद आहे, म्हणजे कुठल्या देशावरून उडायला मनाई आहे, ते बघतात. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. शहरं होती तिथंच आहेत, रस्ता लांबला.

पण मला खरं सांगायचंय ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थचं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग तुटला. मग १९४३ पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची कॅटलिना विमानं, पाण्यावर उतरणारी, पर्थच्या स्वान नदीवरून उडायची ती थेट सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गॉलजवळच्या कोग्गला तळ्यावर उतरायची. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या वर आणि खाली नुसता समुद्र. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून रेडिओवर हवामानाचे संदेश फक्त ऐकायचे, आपण एक शब्द बोलायचा नाही, रात्री ताऱ्यांवरून दिशा धरायची. इंधनच इतकं भरायला लागायचं की प्रवासी घ्यायचे फक्त तीन, तीन हं, आणि सोबत थोडं टपाल. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे सत्तावीस ते तेहतीस तास हवेत, आणि एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसायचा! प्रवाशांना त्याचं प्रमाणपत्र मिळायचं, ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ या नावाचं. खिडकीची जागा मिळूनही पडदा ओढून झोपणाऱ्यांचं मला म्हणून वाईट वाटतं, एवढं आकाश समोर असतं आणि बघत नाहीत.

जुलै १९४५ पर्यंत अशी २७१ उड्डाणं झाली आणि त्यात एकही विमान गमावलं नाही. रेडिओ गप्प, खाली महासागर, तरी एकही नाही.

त्याच पर्थहून २०१८ पासून लंडनला थेट विमान जातं. सुमारे १४,५०० किलोमीटर, म्हणजे सिलोनच्या अडीचपट अंतर, आणि वेळ लागतो सतरा तासांच्या आसपास. नमस्कार.